वाळूवर किती पाय

आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून मला कधी समुद्रावर नेलं नाही. डोंगर दाखवले, तळी दाखवली. एकदा धरण बघायला नेलं आणि भिंतीवर उभं करून अर्धा दिवस त्याच्या दरवाजांची यंत्रणा समजावून सांगितली. पण समुद्राचं नाव काढलं की माणूस गप्प. मुलीच्या शाळेची सहल समुद्रावर गेली होती, तेव्हा ती परत येईपर्यंत ह्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मी आपली मनाची समजूत घातली होती. कुणाला पालीची भीती वाटते, कुणाला विजेची, ह्यांना समुद्राची.

लग्नाआधी ते सैन्यात होते, हे मला माहीत होतं. शेजारच्या घराला तळघर आहे हे जसं आपल्याला माहीत असतं ना, तसं. आपण काही कधी त्यात उतरत नाही. विचारलं तर म्हणायचे, "रस्ते मोकळे करायचो." मला वाटायचं, दरड-बिरड कोसळली की उपसत असतील. पाठीवर व्रण होते, त्याबद्दल एकदाच म्हणाले होते, "ट्रक उलटला." त्यावर मी काय विचारणार?

सैन्य सोडल्यावरची सगळी वर्षं ह्यांनी कुलपांत घालवली. बाजाराच्या तोंडाशी ह्यांचं दुकान, आत एक माणूस जेमतेम उभा राहील एवढं, आणि भिंतभर किल्ल्या. जाम झालेल्या तिजोऱ्या, किल्ली हरवलेली कपाटं, लोक ह्यांच्याकडे घेऊन यायचे. हे डोळे मिटायचे आणि बोटांनी ऐकायचे. त्याच गल्लीत मी कपडे बेतायचं, उसवायचं, अस्तर लावायचं काम करते. दोघांचंही काम बारीक, म्हणून आमचं जमलं, असं लोक म्हणायचे. जमलं ते मी बोलते आणि हे ऐकतात म्हणून, पण ते जाऊ दे.

दरवर्षी उस्तादांचा फोन यायचा. उस्ताद म्हणजे ह्यांच्या तुकडीचे म्होरके. मेळावा आहे, सगळे जमतोय, ये. आणि दरवर्षी हे काहीतरी सबब सांगायचे. कधी मुलीची परीक्षा, कधी माझी कंबर. माझी कंबर तर इतक्या वेळा दुखली, की उस्तादांनी एकदा माझ्यासाठी काढ्याची बाटली पाठवून दिली.

ह्या वर्षी फोन आला तेव्हा हे आंघोळीला गेले होते. फोन मी उचलला.

"सूनबाई," पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण त्याला अजून कडकपणा होता. "त्याला सांगा, ह्या वेळी मेळावा तिथंच आहे. किनाऱ्यावर. आणि हेही सांगा, की पुढच्या वर्षी फोन करायला मी असेनच असं नाही."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. टॉवेल खांद्यावर टाकून हे दारातच उभे राहिले. केसांतून पाणी गळत होतं, तेही पुसलं नाही.

"जाऊ या," म्हणाले.

"अहो, कुठं ते ठाऊक आहे ना? समुद्र आहे तिथं."

"ठाऊक आहे."

"आणि वाळूसुद्धा."

"अगं, ठाऊक आहे म्हटलं ना!"

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांचा ताप बघितलास का?"

शनिवारी दुपारी पोचलो. काय शहर होतं ते! स्टेशनातून बाहेर पडल्यापासून कान भरून गेले. फरशीवरून सामानाच्या चाकांचा खडखड आवाज. कोपऱ्याकोपऱ्यावर वाजवणारे, गाणारे. अंगभर चांदीसारखा रंग फासलेला एक माणूस पुतळा होऊन उभा होता, आणि लोक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. हॉटेलच्या लिफ्टमध्ये आमच्याबरोबर एक अख्खं कुटुंब शिरलं, सगळे नखशिखांत ओले, मधोमध हवा भरलेलं भलंमोठं पिवळं बदक. बदकानं ह्यांना भिंतीला चेपून टाकलं. मला हसू आवरेना. हे मात्र त्या पोरांच्या पायांकडे बघत होते. पायांना वाळू लागलेली होती, ओली, घोट्यापर्यंत.

खाली दिवाणखान्यासारख्या मोठ्या खोलीत मंडळी जमली होती. आम्ही दारात पाऊल टाकलं आणि आतून आरोळी आली, "अरे, मांजर आलं रे!"

मी खाली वाकून इकडेतिकडे मांजर शोधायला लागले. तेवढ्यात एक धिप्पाड म्हातारा तीन खुर्च्या सारत आला आणि ह्यांना त्यानं मिठीत घेऊन जमिनीपासून उचललं. ह्यांना तिथं मांजर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. धिप्पाड म्हाताऱ्याचं नाव ढोल. ते का, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"वहिनी, घरात काय हाक मारता ह्याला?"

"अहो म्हणते."

"अहो!" ढोलभावजींनी सगळ्या खोलीला ओरडून सांगितलं. "मांजराला अहो-जाहो करतात रे!"

सगळे हसले. आमचे हेही हसले. ते हसणं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तरुण माणसाचं होतं. उस्ताद व्हीलचेअरवर बसले होते, अंगानं वाळून काटकी झालेले. ह्यांनी गुडघे टेकून त्यांचे दोन्ही हात धरले.

मग खिडकीपाशी बसलेली एक बाई उठली. माझ्याच वयाची, आखूड पांढरे केस, चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा, आणि खरोखरच ती मुख्याध्यापिका होती, हे नंतर कळलं. ती सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही मांजर," ती म्हणाली. "मी पोपटाची बहीण. दरवर्षी येते मी. तुमची वाट बघत होते."

ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून टाकावं तसं गेलं. "मी जरा खोलीत जाऊन येतो," असं काहीतरी पुटपुटून हे निघून गेले. मी ओशाळले. ती बाई म्हणाली, "असू द्या. इतकी वर्षं थांबले, आता संध्याकाळपर्यंत थांबायला काय जातंय?"

संध्याकाळी जेवायला लांब टेबल मांडलं होतं. हे उस्तादांशेजारी, पार त्या टोकाला. मी ह्या टोकाला, एका बाजूला ढोलभावजी, दुसऱ्या बाजूला पोपटाची बहीण. सगळे तिला ताई म्हणत होते, मीही म्हणायला लागले. समोरच्या मोठ्या काचेतून किनारा दिसत होता. ऊन उतरलं होतं तरी गर्दी हटली नव्हती. छत्र्यांच्या मागे छत्र्या, चेंडू उडतायत, पोरं पाण्यात घुसतायत आणि किंचाळत परत येतायत.

"छान आहे हो," मी म्हणाले.

ढोलभावजींनी काटा खाली ठेवला. "वहिनी, त्यानं तुम्हाला काय सांगितलंय?"

"कशाबद्दल?"

"ह्या किनाऱ्याबद्दल."

"काही नाही. रस्ते मोकळे करायचात ना तुम्ही लोक?"

ते ताईकडे बघून राहिले, मग माझ्याकडे. आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"हा किनारा सुरुंगांनी भरलेला होता, वहिनी. ह्या टोकापासून त्या खडकांपर्यंत. शत्रू समुद्रातून उतरेल म्हणून पेरून ठेवलेले. लढाई संपली, पेरणारे निघून गेले, नकाशेही गेले. वर भरती-ओहोटी. आज इथं असलेला सुरुंग उद्या तिथं. यंत्रं आणली, पण वाळूत लोखंडाचे इतके तुकडे, की यंत्र सारखंच ओरडायचं. मग काय उरलं? माणूस. पोटावर पडायचं, हातात बारीक सळई, ती तिरकी वाळूत घालायची, हलकेच. काही लागलं नाही, तर बोटभर पलीकडे पुन्हा. तळहाताएवढी जागा झाली, की पुढची तळहाताएवढी."

मी काचेतून बाहेर बघितलं. किनाऱ्याचं दुसरं टोक धुरकट दिसत होतं, इतका तो लांब.

"सगळा?" मी विचारलं. "तळहात, तळहात करून?"

"सगळा. दोन उन्हाळे आणि मधला हिवाळा. आणि तुमचा हा नवरा आमच्यात सगळ्यात हलक्या हाताचा. सळई टेकायच्या आधी ह्याला कळायचं. कसं ते विचारू नका. म्हणून मांजर."

माझ्या धंद्यात कधी कधी टाचणी कापडात राहून जाते. मी बोटं फिरवून ती शोधते. चुकलं तर रक्ताचा एक थेंब, मी बोट तोंडात घालते आणि पुढच्या कामाला लागते. मी टेबलाच्या त्या टोकाला बघितलं. हे उस्तादांसाठी पावाचे तुकडे करत होते. तेच हात. कपाची दांडी मोडली म्हणून महिन्यापूर्वी मी ज्या हातांवर तोंडसुख घेतलं होतं, ते. मी घास चावायला विसरले.

"आणि पोपट?" मी हळूच विचारलं.

ह्या वेळी ताई बोलली. "माझा भाऊ ह्यांचा जोडीदार. एकानं सळई चालवायची, दुसऱ्यानं मागं अंतर ठेवून थांबायचं, मग पाळी बदलायची. खडकांजवळचा शेवटचा पट्टा राहिला होता. पाळी माझ्या भावाची होती." तिनं ताट बाजूला सारलं. "एवढं मला कळवलं होतं. बाकीचं ज्याला माहीत आहे तो माणूस कधी आलाच नाही."

"मांजराला उचलून नेलं आम्ही," ढोलभावजी म्हणाले. "कानातून रक्त, पाठीत तुकडे. कित्येक महिने दवाखान्यात होता. तो उरलेला पट्टा उस्तादांनी एकट्यानं साफ केला, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. आणि काम संपलं की एक पद्धत असते, वहिनी. जागा लोकांच्या ताब्यात द्यायच्या आधी ती ज्यांनी साफ केली त्यांनी तिच्यावरून चालायचं. हातात हात घालून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे लोकांना सांगायचं, बघा, आम्ही चाललो, आता तुम्ही चाला. आम्ही चाललो. हा नव्हता."

ट्रक उलटला म्हणे. त्या पाठीला मी इतकी वर्षं मलम चोळत आले होते. त्या रात्रीही चोळलं. पण माझा हात नेहमीसारखा भरभर फिरेना.

रविवारी न्याहारी झाल्यावर सगळे किनाऱ्यावर निघाले. हॉटेलासमोर फरसबंद रस्ता, कडेला लोखंडी कठडा, आणि मग दगडी पायऱ्या वाळूत उतरतात. मंडळी एकेक करून खाली गेली; उस्तादांची खुर्ची पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवरून खाली सरकवून तिच्या टोकाशी थांबवली होती. हे शेवटच्या पायरीवर थांबले. कठडा धरून. मी शेजारी उभी राहिले. सुटीचा दिवस, ऊन स्वच्छ, किनाऱ्यावर जत्रा लोटलेली. बायका, पुरुष, म्हातारे, आणि पोरं तर विचारू नका. सगळे अनवाणी. कुणी पळतंय, कुणी लोळतंय, कुणी टाचा रोवून दोरी ओढतंय, कुणी उडी मारून धप्पदिशी बसतंय. प्रत्येक धप्प आवाजाला ह्यांचा हात कठड्यावर आवळत होता.

"किती पाय आहेत गं," हे म्हणाले.

मीही मग पायच बघायला लागले. गुबगुबीत, सुरकुतलेले, नखं रंगवलेले, धावणारे, एकमेकांवर टाकून निवांत पडलेले. एवढे पाय, आणि प्रत्येक पाय धड. कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. वाटणार तरी कशाला? मला मात्र वाटत होतं की मी काहीतरी अफाट बघतेय, आणि ते बघायला माझे दोन डोळे पुरत नाहीत.

"चल रे," खालून ढोलभावजींनी हाक मारली.

हे हलेनात.

तेवढ्यात उस्तादांनी काय केलं, स्वतःच्या हातांनी खुर्चीची चाकं ढकलली. खुर्ची फळीवरून घसरून वाळूत गेली, एक चाक रुतलं, आणि उस्तादांसकट सगळं एका बाजूला कलंडायला लागलं. "अरे, अरे, अरे!" मी ओरडले. आणि ओरडून होईपर्यंत हे तिथं होते. पायरीवरून कधी उडी मारली, कधी पोचले, देव जाणे. एका हातानं खुर्ची, दुसऱ्या हातानं उस्तादांचा खांदा.

उस्ताद सावरून बसले. त्यांनी ह्यांच्या पायांकडे बघितलं. मग ह्यांनीही बघितलं. दोन्ही पाय वाळूत होते.

"आलास ना," उस्ताद म्हणाले. "बरं झालं. मी पडलो असतो." आणि त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. म्हातारा मोठा बेरकी.

हे पांढरेफटक पडले होते. पण मागं फिरले नाहीत. ताई पुढं आली आणि तिनं ह्यांच्या दंडात आपला हात अडकवला. "भाऊ चालला नाही," ती म्हणाली. "तुम्हीही चालला नाहीत. त्याच्या जागी मी चालते. चला."

मग रांग झाली. दंडात दंड अडकवून, खांद्याला खांदा. सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणाचा गुडघा धड नाही, कुणाच्या कानात यंत्र. चौघांनी उस्तादांची खुर्ची उचलायचा प्रयत्न केला आणि दोन पावलांत चौघांनाही दम लागला, मग थांबत थांबत नेली. मी एका टोकाला, ह्यांच्या दुसऱ्या बाजूला लागले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला अडवायची कुणाची छाती झाली नसती.

रांग निघाली ती सरळ गर्दीतून. छत्र्या आडव्या आल्या, टॉवेल आडवे आले. एक माणूस चिडला, "आजोबा, पलीकडून जा की!" कुणी हसलं, कुणाला वाटलं म्हाताऱ्यांचा काहीतरी खेळ चाललाय. लाल टोपीतली एक लाइफगार्ड मुलगी शिट्टी वाजवत धावत आली.

"थांबा, थांबा! मिरवणूक काढायला परवानगी लागते इथं."

"पोरी," ढोलभावजी गरजले, "हा किनारा उघडायची परवानगीच आम्ही दिली होती!"

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या त्या आवाजात. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं. सुरुंग, सळया, तळहात, तळहात. मुलगी ऐकत राहिली. शिट्टी ओठांतून सुटून गळ्यात लोंबायला लागली.

"इथं?" ती म्हणाली. "ह्या वाळूत?" आणि तिनं नकळत एक पाय वर उचलला. पाय तसाच अधांतरी धरून ती उभी राहिली, बगळ्यासारखी.

जवळच एक बाई पोराला घेऊन बसली होती. तिनं झडप घालून पोराला उचललं आणि छातीशी धरलं. पोर रडायला लागलं. तिच्या पलीकडच्या बाईनंही आपलं पोर उचललं. भीती अशी सरसरत पुढं जाते हे मी त्या दिवशी बघितलं. बघता बघता आसपासची सगळी पोरं कडेवर गेली.

"ठेवा," उस्ताद खुर्चीतून म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले. "खाली ठेवा त्याला, बाळ. ह्याच्यासाठीच तर केलं सगळं. ह्यातली ओंजळभर वाळूसुद्धा आम्ही तपासायची सोडलेली नाही. शेवटचा पट्टा मी स्वतः केलाय. खेळू द्या."

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं खाली वाकून पोराला वाळूवर ठेवलं, हळूच, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं. पोर लगेच रांगत सुटलं. आणि माझ्या शेजारी आमच्या ह्यांच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, मला सांगता येणार नाही.

लाइफगार्ड मुलीनं पाय टेकवला. तिनं शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली की पार खडकांपर्यंत माना वळल्या. "वाट द्या!" ती ओरडत पुढं निघाली. तिचे सोबती धावत आले, त्यांनी उस्तादांची खुर्ची फुलासारखी उचलली. छत्र्या मिटायला लागल्या. टॉवेल गोळा झाले. आमच्यापुढं वाळूची एक रिकामी वाट उघडत गेली आणि दोन्ही बाजूंना लोक उठून उभे राहिले. बातमी आमच्या पुढं पळत होती. आम्ही पोचायच्या आधी लोक उभे राहत होते, पोहणारे पाण्यातून बाहेर येत होते, ओलेते, निथळत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. फक्त लाटांचा आवाज आणि आमच्या पायांखाली चुरचुरणारी वाळू. आमच्यावर चिडलेला तो माणूस आला आणि त्यानं माझ्या मोकळ्या हातात आपला हात अडकवला. त्याच्या पलीकडे त्याची बायको. मग आणखी कुणी. रांग पाण्याच्या कडेपर्यंत गेली, आणि पाण्यात उतरली, तरी लोक जोडले जातच होते.

खडक जवळ आले तसे हे सावकाश चालायला लागले. तिथं आता पोरांची घसरगुंडी आहे आणि आइसक्रीमची गाडी उभी असते. रांग थांबली. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. ह्यांनी ताईचा आणि माझा हात सोडला आणि एकटेच पुढं गेले. ह्यांना मांजर का म्हणत ते मला त्या चालीत दिसलं. पाऊल टेकायच्या आधी जणू जमिनीला विचारत होते. एका जागी येऊन हे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात वाळूवर पसरून ठेवले.

ताई मागोमाग गेली. मीही.

"इथं?" तिनं विचारलं.

"इथं."

ती त्यांच्याशेजारी बसली. "तो काय करत होता? तेवढंच मला कधी कुणी सांगितलं नाही."

"बोलत होता," हे म्हणाले. "तो कधी गप्प असायचा? सळई चालू आणि तोंडही चालू. तुमच्याबद्दलच बोलत होता. म्हणाला, माझ्या बहिणीला समुद्र बघायची फार हौस आहे. हे काम संपलं की पहिली तिला आणणार. ती लहानपणापासून मागं लागलीय. समुद्र, समुद्र, समुद्र. मी म्हटलं, आधी काम कर. तर हसला." ह्यांचे तळहात वाळूवरच होते. "तेवढंच. त्याच्या पुढं मला काही आठवत नाही. आणि मी तुम्हाला तोंड दाखवायला येऊ शकलो नाही, कारण तुम्हाला समुद्र दाखवायचा राहिला तो राहिलाच."

ताई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ती हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत.

"मला?" ती म्हणाली. "समुद्राची हौस मला? अहो, मी पाण्याला भिणारी मुलगी! हौस त्याला होती, त्याला! रात्रंदिवस समुद्राचं वेड. आणि लहानपणापासून हीच सवय, स्वतःला काही हवं असलं की माझं नाव पुढं करायचं. ताईला लाडू हवेत. ताईला जत्रेला जायचंय. आई मला ओरडायची आणि हा लाडू खायचा!" ती डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. "शेवटपर्यंत तेच केलं लबाडानं. अहो, त्याला हवा तो समुद्र त्याच्या डोळ्यांसमोर होता हो! दोन उन्हाळे!"

हे आ वासून बघत राहिले. मग ह्यांनाही हसू फुटलं. दोघं जण त्या वाळूत बसून एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते आणि रडत होते, आणि एवढा मोठा जमाव त्यांच्याभोवती निःशब्द उभा होता.

पुढं काय व्हायचं ते झालं. लोक म्हाताऱ्यांना भेटायला आले, हात हातात घेतले. बायका उस्तादांच्या मांडीवर आपली पोरं ठेवत होत्या आणि उस्ताद सगळ्यांना सांगत होते, "ओलं करील हो, ओलं करील." ढोलभावजींनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून घसा बसवून घेतला. ते मात्र आम्ही देवाची कृपा मानली. ताई माझा हात घट्ट धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाट आली की किंचाळायची आणि आकाशाकडे बघून भावाला शिव्या घालायची.

हळूहळू छत्र्या पुन्हा उघडल्या. चेंडू उडायला लागले. दुपार कलली तेव्हा किनारा जसा होता तसा झाला होता. मला सगळ्यात जास्त भरून आलं ते ह्यानंच, की तो पुन्हा तसा झाला.

मी परत आले तर हे खडकांपाशीच बसले होते, आणि त्यांच्यासमोर एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला विहीर हवी होती. तिचं प्लास्टिकचं फावडं मोडलं होतं.

"हातानं खणा," ती ह्यांना सांगत होती.

ह्यांनी वाळू बाजूला केली. थोडीशी, वरवर.

"असं नाही हो आजोबा. खोल!"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बोटं वाळूत खुपसली. मग मनगट. मग ते अंगाचा भार टाकून पुढं वाकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत गेले. चेहऱ्यावर घाम, केसांत वाळू, आणि हे उपसत सुटले, मोठमोठे ढीग, एखाद्या रेड्यासारखे फुरफुरत. चिमुरडी आनंदानं नाचत होती. तिची आई येऊन तिला आइसक्रीम खायला घेऊन गेली, तरी ह्यांचं चालूच. तळाशी ओल दिसली, मग पाणी झिरपलं, गढूळ, मग त्यात आभाळ दिसायला लागलं.

"अजून खोल जाईल," हे मान वर न करता म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी फतकल मारून बसले आणि बाहेर पडणारी वाळू दोन्ही हातांनी मागं सारायला लागले.